टाकीवरचं विमान, बांगड्यांची माणसं

सोमवार, चंदीगड

चंदीगडमध्ये पहिल्या दिवशी तरी खाली बघून चालावं. जुन्या सेक्टरांत गटारांच्या काही बिडाच्या झाकणांवर अख्ख्या शहराचा नकाशा ओतलेला आहे. सेक्टरांचे चौकोन, मधले रस्ते, सगळं आपल्या चपलेखाली. शहर आखणाऱ्यांनी गटाराचं झाकणसुद्धा कोरं सोडलं नाही, आणि पुढे याच झाकणांवर परदेशातल्या लिलावांत बोली लागली. मावशीला असं एक झाकण सापडलं. ती तिथेच उकिडवी बसली, त्यावर वहीचा कागद धरला आणि आडव्या पेन्सिलीने घासून छाप घेऊ लागली. गस्तीवरच्या पोलिसाने काळजीने विचारलं, "माताजी, कुछ गिर गया क्या?"

मावशीने मिरजेच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर तिला जग बघायचं होतं, पण देवळं आणि धबधबे नकोत म्हणाली. "माणसांनी डोक्यात घेऊन काहीतरी भलतंच केलेलं असेल ते दाखव." अशा गोष्टी जगभर आहेत, पण तिचे गुडघे आणि माझी रजा दोन्ही जमेस धरता पंजाब सोयीचा वाटला. तिथे भलतंच करणाऱ्यांची वानवा नाही.

दुपारी कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, म्हणजे विधानसभा वगैरे सरकारी इमारतींचा परिसर. ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाच्या मागून फिरावं लागतं. शहर आखणारा वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए. त्याने इथली विधानसभा बांधताना सभागृहाला आकार दिला तो वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरचा. तसा टॉवर त्याने अहमदाबादला पाहिला होता. म्हणजे वाफ सोडायच्या धुराड्याखाली आमदार बसतात, आणि ही कल्पना एका फ्रेंच नागरिकाला भाषणं ऐकायच्या आधीच सुचली. जवळच सावलीचा मनोरा आहे. त्यात कोणी राहत नाही, कचेरी नाही. काँक्रीटच्या उभ्या-आडव्या पट्ट्या अशा कोनांत बसवल्या आहेत की तीन बाजूंनी ऊन आत शिरत नाही. उत्तरेची बाजू मोकळी, कारण तिकडून ऊन येण्याचा प्रश्नच कमी. ऊन अडवता येतं हे सिद्ध करायला बांधलेली इमारत. मला हा मनोरा सगळ्यांत आवडला, मावशीला मुळीच नाही. "प्रयोगवहीतलं पान आहे हे," म्हणाली.

'उघडा हात' हे शिल्प मात्र दोघींना आवडलं. २६ मीटर उंच, पत्र्याचा, वाऱ्याने फिरणारा. कॉर्बुझिए १९६५ साली गेला आणि हात उभा राहिला १९८५ साली. आम्ही होतो तेव्हा वारा अगदी मंद होता. हात जरासा वळल्याचं मावशीने पाहिलं, मी नाही.

खुर्च्यांची गोष्ट राहिली. कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानाच्या आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. त्या जुन्या झाल्या, मोडल्या, गच्चीवर ढीग लागले, आणि कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, डागडुजी केली, आणि आज एकेक खुर्ची लाखांत जाते. २०११ साली गृहमंत्रालयाने ही विक्री थांबवायचा आदेश काढला तेव्हा बरंचसं सामान बाहेर गेलेलं होतं. याच जानरेच्या अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे इथल्या सुखना तलावात सोडल्या आहेत. संध्याकाळी तलावावर पायाने मारायच्या नावा चालल्या होत्या. तशीही एक नाव त्याने तयार केली होती. माणूस जिनिव्हाचा, आणि राहायला कायमचा इथे आला.

मंगळवार, चंदीगड

भंगारात काय असतं ते सरकारी कचेरीआधी त्याच शहरातल्या एका साध्या सरकारी नोकराला कळलं होतं. आजचा सगळा दिवस त्याचा आणि त्याच्या रॉक गार्डनचा.

नेकचंद सैनी. जन्म १९२४, शकरगढ तालुक्यातलं बरियां कलां हे खेडं. फाळणीत ते पाकिस्तानात गेलं आणि घरचे लोक इकडे आले. १९५१ पासून नेकचंद चंदीगडच्या बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर. नवं शहर उभं करायला जुनी गावं उठवली जात होती. घरं पडत होती, आणि त्यांच्या ढिगाऱ्यात फुटलेली कपबशी, बांगड्यांचे तुकडे, खापऱ्या, सायकलचे सांगाडे पडलेले असत. हा माणूस कामावरून सुटला की सायकलवरून ते गोळा करी. शिवालिकच्या ओढ्यांमधून दगड आणी, पण कुठलेही नव्हे. माणसासारखा, पक्ष्यासारखा दिसणारा दगडच घ्यायचा. १९५८ च्या सुमारास सुरुवात झाली आणि काही वर्षं नुसता साठा चालला होता. मग सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात त्याने रचायला घेतलं. त्या पट्ट्यात बांधकामाला सक्त मनाई. रात्री उजेडाला जुने टायर जाळायचे. बायकोला आणि एखाद-दोघांना माहीत, बाकी शहराला पत्ता नाही. आजूबाजूला जगातला नावाजलेला वास्तुशिल्पी काटकोनात शहर आखतोय, आणि त्याच्याच हद्दीत एक सरकारी नोकर वळणावळणाचं राज्य उभं करतोय.

बिंग फुटलं १९७० च्या दशकात. नियमाने बुलडोझर फिरायला हवा होता. ते झालं नाही. प्रशासनातल्या काही माणसांनी, विशेषतः एम. एस. रंधावांसारख्या जाणत्यांनी, याला सांभाळून घेतलं. १९७६ साली बाग लोकांना खुली झाली. नेकचंदला पगार चालू ठेवून 'उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन' असा हुद्दा दिला, वर पन्नास मजूर. ज्या गुन्ह्याबद्दल नोकरी जायची त्याच गुन्ह्याची नोकरी मिळाली! भारताच्या फाईलींमध्ये इतका शहाणा निर्णय फार क्वचित सापडतो.

आत शिरायची दारं मुद्दाम ठेंगणी आहेत. वाकल्याशिवाय जाता येत नाही. मावशी पाच फुटांच्या आतली, ती सगळीकडून ताठ गेली आणि तिला याचा फार आनंद झाला. वाट अरुंद होते, भिंतीला लागून वळते, आणि एकदम चौक येतो. पहिल्या चौकात ते ओढ्यातले दगड मांडले आहेत. कोरलेले नाहीत, रंगवलेले नाहीत. दरबार भरलाय असं सांगितलं की दरबार दिसतो.

मग भिंती बघाव्यात. एक भिंत चिनी मातीच्या फ्यूजच्या खोक्यांची. एक पावसात भिजून दगड झालेल्या सिमेंटच्या पोत्यांची. पोत्याची वीण सिमेंटवर जशीच्या तशी उमटलेली आहे. एक डांबराच्या पिंपांची. फुटक्या बेसिनांचे आणि कमोडांचे तुकडे लावून एक मजला चढवलेला. पुढच्या अंगणांत माणसंच माणसं: पाणी भरणाऱ्या बायका, बाजेवाले, राजाचे शिपाई, आणि नुसतेच उभे असलेले. अंगावर बांगड्यांच्या काचेचा पोशाख. ऊन तिरकं झालं की हिरवी, लाल, निळी काच उजळते. माकडांच्या आणि कुत्र्यांच्या आत सायकलचे दांडे आहेत.

खरं सांगायचं तर यातली एकटी मूर्ती उचलून कोणाच्या दिवाणखान्यात ठेवली तर ती विशेष दिसणार नाही. चेहरे ढोबळ, डोळे कवड्यांसारखे. गंमत आहे ती गर्दीत. शंभर बायका एकाच दिशेला बघत बसल्या आहेत आणि आपण मधून चाललोय. आपणच उपरे. नेकचंद या जागेला सुकराणी नावाच्या राजाचं राज्य समजत असे, असं त्याच्याबद्दल लिहिणारे सांगतात. मला राजापेक्षा खेडं जास्त दिसलं. पाणवठा, पार, चढण, गुरांची वाट. शकरगढकडे परत जायचा रस्ता बंद झालेल्या माणसाने ते इकडे वसवलं असावं. हे माझं म्हणणं, तिथल्या फलकावरचं नव्हे.

मावशी शाळेत मुलांना दरवर्षी 'टाकाऊतून टिकाऊ' करायला लावायची. झाकणांची फुलं, अंड्याच्या टरफलांचे जोकर. एका चौकात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही एक वस्तू करून घ्यायचो आणि मार्क देऊन मोकळे व्हायचो. इथं कुणी मार्क देणारंच नव्हतं गं, इतकी वर्षं."

बागेचा तिसरा टप्पा बराच नंतरचा, आणि माझ्या मते बराच पातळ. उंच कमानींमधले झोके, वेडावाकडा चेहरा दाखवणारे आरसे, कृत्रिम धबधबे, सहलीला आलेल्या शाळा. जत्रा म्हणून ठीक. झोक्यावर मावशी बसली, मीही बसले. जवळच्या चिंध्यांच्या बाहुल्या मात्र चुकवू नयेत. कपड्यांच्या कापडी तुकड्यांतून उभ्या केलेल्या उंच बायका आहेत, आणि सिमेंटच्या मूर्तींना जो स्वभाव नाही तो त्यांना आहे.

नेकचंदला १९८४ साली पद्मश्री मिळाली, त्याआधीच्या वर्षी बागेवर टपाल तिकीट निघालं. तरी १९९० च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा शहरातले लोक आडवे उभे राहिले. २०१५ च्या जूनमध्ये नेकचंद गेला. २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टाकडचा रस्ता आणि पार्किंग वाढवायला बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला. लोक याही वेळी जमले होते, पण भिंत वाचली नाही. न्यायालयाला गाड्या लावायला जागा लागते.

बुधवार, जालंधरच्या वाटेवर

रोपड, बलाचौर, नवांशहर, बंगा, फगवाडा असा रस्ता. भाड्याच्या गाडीचा चालक शीख, पन्नाशीचा. आम्ही त्याला पाजी म्हणू लागलो. तो मावशीला आंटीजी आणि मला दीदी म्हणे. आम्ही घरांवरच्या पाण्याच्या टाक्या बघायला निघालोय हे ऐकून त्याने आरशातून एकदा नीट बघून घेतलं. "टंकी देखने? बंबई से?" मिरज मुंबईत नाही हे मावशीने त्याला समजावलं. पुढे अमृतसरपर्यंत समजावत होती.

दोन्ही बाजूंना गहू आणि मोहरी. फेब्रुवारी संपत आलेला, धुकं उतरलेलं. गावं लागली की इंग्रजीच्या परीक्षेच्या शिकवण्यांच्या पाट्या सुरू होत. पंजाबात या परीक्षेला 'आयलेट्स' म्हणतात. कॅनडाचा मेपल, ऑस्ट्रेलियाचा कांगारू, हसणाऱ्या मुलीच्या हातात पासपोर्ट. बंग्याला एका इमारतीत खाली खताचं दुकान, पहिल्या मजल्यावर आयलेट्स, दुसऱ्यावर व्हिसा सल्लागार. शेजारीच खटकड कलां, भगतसिंगांचं वडिलोपार्जित गाव. स्मारक पाहिलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

या रस्त्यावर जुगाडाच्या गाड्या दिसतात. हातगाडीचा पुढचा भाग काढून तिथे मोटारसायकल जोडायची आणि मागे वीटा, भाजी, सोफा, बायकामुलं काहीही भरायचं. मागच्या पिढीत शेतावरचं पाणी ओढायचं डिझेल इंजिन गाड्यावर बसवत, त्याला पीटर रेहडा म्हणत. नोंदणी नाही, विमा नाही, ब्रेक असतील तर असतील. २०२२ च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी मोटारसायकलच्या रेहड्यांवर कारवाईचे आदेश काढले. इतका आरडाओरडा झाला की मुख्यमंत्र्यांना ते मागे घ्यावे लागले. आमच्या पुढे एक रेहडी गव्हाचा भुसा घेऊन चालली होती. भुशाचा डोंगर रस्त्याच्या दीड पट रुंद, आणि खाली कुठेतरी दबून एक स्प्लेंडर.

जेवायला पाजीने ढाबा निवडला तो लस्सीसाठी. मागच्या बाजूला वरून उघडायचं कपडे धुण्याचं यंत्र. त्यात दही, बर्फ, साखर टाकून कळ फिरवली की यंत्र घुसळतं. पाणी सोडायच्या नळीला तोटी बसवलेली, तिच्यातून लस्सी थेट पिंपात. लग्नकार्यात, लंगरात इतकी लस्सी हाताने घुसळणार कोण? यंत्र कोरं घेतात, त्यात कपडा कधी पडत नाही, असं ढाबेवाल्याने दोनदा सांगितलं. मावशीने तिसऱ्यांदा विचारलं. लस्सी उत्तम होती.

जालंधरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

गुरुवार, दोआबातली गावं

सतलज आणि बियास या दोन नद्यांमधला पंजाब म्हणजे दोआबा: जालंधर, होशियारपूर, कपूरथळा, नवांशहर. इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेला गेलेल्या पंजाब्यांत इथल्या गावांचा भरणा मोठा. गेलेल्यांनी पैसे पाठवले, घरं बांधली, आणि घराच्या डोक्यावर पाण्याच्या टाकीला आकार दिला.

आकार म्हणजे काय, तर पहिल्याच गावाच्या वेशीवर विमान, दोन गल्ल्या सोडून फुटबॉल, त्यामागे पंख पसरलेला गरुड. पुढच्या गावात ट्रॅक्टर, त्यावर बसलेला सिमेंटचा सरदार. एका घरावर लष्करी रणगाडा, तोफ शेजाऱ्याच्या गच्चीकडे रोखलेली. प्रेशर कुकर दिसला, शिट्टीसकट. कमळं तर इतकी की थोड्या वेळाने दिसेनाशी होतात. घरात कोणी फौजेत असेल तर रणगाडा, शेतीत नाव कमावलं असेल तर ट्रॅक्टर, आणि परदेशी गेलेल्यांचं विमान. पत्ता विचारला तर गावकरी टाकीच सांगतात. "घोडेवाली कोठी से बाएँ."

मुंबईचे छायाचित्रकार राजेश व्होरा यांनी वर्षानुवर्षं हिंडून या टाक्यांची छायाचित्रं काढली. त्यांचं प्रदर्शन कॅनडात भरलं तेव्हा ज्यांच्या घरांवर हे आहे त्यांच्यातलेच पुष्कळजण प्रेक्षक असणार.

जालंधर हे हातशिलाईच्या फुटबॉलांचं शहर. फाळणीत सियालकोटहून आलेल्या खेळसाहित्याच्या कारागिरांनी इथे धंदा बसवला. त्यामुळे टाकीवरचा फुटबॉल पाहून मावशीतली शिक्षिका जागी झाली. खऱ्या चेंडूवर बारा काळे पंचकोन आणि वीस पांढरे षट्कोन असतात. इथल्या गवंड्याने पंचकोनांच्या जागी काळे गोल ठिपके काढले होते. "लांबून काय कळतंय," पाजी म्हणाला. "मला कळलं ना," मावशी म्हणाली.

नूरमहलच्या आसपासच्या एका गावात तर गच्चीवर एअर इंडियाच्या रंगातलं अख्खं विमान आहे. खिडक्या, शेपूट, सगळं. ते खालूनच पाहिलं. पण थोडं पुढे एका घराचं विमान जवळून पाहायला मिळालं. फाटकाला कुलूप, आत राखणदार. मालक बर्मिंगहॅमला, तीन वर्षांतून एकदा हिवाळ्यात येतात. राखणदार पूर्णियाचा, बिहारचा. मावशीने त्याच्या मुलीची वही पाहायला मागितली आणि तेवढ्यावर आम्ही गच्चीवर गेलो.

वर गेल्यावर कारागिरी कळते. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्याला जाळी, वरून सिमेंटचा थर, मग रंग. पूर्वी विमानाचं पोटच टाकी असे. आता नाही. पोट पोकळ आहे, आणि पंखाच्या सावलीत नेहमीची काळी प्लास्टिकची टाकी उभी आहे. घरातलं पाणी तिच्यातून येतं. विमान नुसतं आहे. नाकाजवळचा सिमेंट उकलून सळी गंजली होती. राखणदार म्हणाला, दर पावसाळ्याआधी साहेब रंगाचे पैसे पाठवतात, पण गवंडी मिळत नाही.

"गवंडी कुठे गेला?" मी विचारलं.

"इटली."

त्याचं स्वतःचं घर? पूर्णियाला, विटांचं, स्लॅब बाकी. पाजीला मी विचारलं, तुम्ही काय बसवणार घरावर? तो हसला. आधी वरचा मजला चढू दे, मग बघू. त्याचा मुलगा आयलेट्सच्या शिकवणीला जातो. साडेसहा बँड, म्हणजे गुण, हवेत, सहा येतात.

परतताना नूरमहलची सराई. नूरजहानने बांधून घेतली, १६२० च्या सुमारास पुरी झाली. पश्चिमेचं दार तांबड्या दगडाचं आहे आणि त्यावर हत्ती, उंट, मोर, घोडेस्वार, पऱ्या अशी गर्दी कोरली आहे. घराच्या तोंडावर जनावरं बसवायची हौस इथे टाक्यांच्या आधीची. बाकी सराईची दशा बेताची.

शुक्रवार, तल्हण

जालंधरपासून जवळच तल्हण. संत बाबा निहालसिंग शहीद यांचा गुरुद्वारा. बाहेरगावचे लोक याला हवाई जहाज गुरुद्वारा म्हणून ओळखतात. व्हिसा मिळावा म्हणून भाविक इथे खेळण्यातलं विमान वाहतात. विमानांच्या अंगावर कंपन्यांची नावं छापलेली असतात, आणि ज्याला जिथे जायचं त्याने तिथली कंपनी निवडायची. जमलेली विमानं नंतर मुलांना वाटून टाकतात. जालंधरच्या पोरांइतकी विमानं देशात दुसऱ्या कुठल्या पोरांकडे नसतील.

शिखांच्या धर्मरीतीत अशा वाहण्याला जागा नाही, आणि २०२३ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने या प्रकाराला हरकतही घेतली. आम्ही गेलो तेव्हा दुकानांच्या दर्शनी भागात रुमाले, म्हणजे ग्रंथ साहिबावर घालायची वस्त्रं, आणि प्रसादाचं सामान होतं. विमानं मागच्या फळीवर. मागितली की खाली येतात.

मला विमानांपेक्षा बाबांच्या धंद्यात जास्त रस वाटला. निहालसिंग हे सुतारकामातले कारागीर. नव्या विहिरीच्या तळाशी बसवायचं लाकडी कडं ते करायचे. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. पंजाबची जमीन वाळू-मातीची. विहीर खणायला घ्या, बाजू ढासळतात. म्हणून आधी जमिनीवर भक्कम लाकडाचं गोल कडं ठेवायचं आणि त्यावर विटांची भिंत चढवायची. मग माणसाने आत उतरून कड्याच्या खालची वाळू उकरायची. भिंतीच्या वजनाने कडं खाली सरकतं, भिंतही त्याच्याबरोबर खाली जाते. वरून आणखी विटा, खालून आणखी उकरणं. विहीर बांधत बांधत बुडवायची! नदीतल्या पुलांचे खांब आजही याच तत्त्वावर उतरवतात. काम जोखमीचं. अशाच एका विहिरीत काम करताना बाबांचा जीव गेला, असं इथे सांगतात. त्यांनी बसवलेल्या विहिरी गोड्या निघत आणि आटत नसत, म्हणून लोकांची श्रद्धा. जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या माणसाकडे लोक आकाशात जायचं मागणं घेऊन येतात.

एक कडू गोष्टही याच गावची. देणग्यांचा ओघ मोठा, आणि व्यवस्थापन समितीत गावातल्या दलितांना जागा नव्हती. त्यावरून २००३ साली इथे मोठा संघर्ष पेटला होता. विमानांच्या बातम्यांत याचा उल्लेख कोणी करत नाही.

लंगरात आमच्या शेजारी एक तरुण जोडपं होतं, होशियारपूरकडचं. तिचा अभ्यासाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. मावशीने विचारलं, तिकडं जाऊन काय करणार? "पहले जाएँगे, फिर देखेंगे आंटीजी." परतताना पाजी आपणहून बोलू लागला. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला १०४ माणसं परत घेऊन उतरलं, ती सगळ्या पंजाबाने टीव्हीवर पाहिली. त्याच्या ओळखीतला एक मुलगा त्यात नव्हता, पण वाटेत कुठेतरी होता. जंगलातून, सीमांवरून चोरून जायच्या त्या मार्गाला इथे डंकी म्हणतात. पुढे त्याने गाणी लावली.

शनिवार, घुमान

बटाल्यावरून घुमान. मराठी माणसाने दोआब्यात फिरून घुमानला न जाता परतायचं म्हणजे घरी काय तोंड दाखवायचं, हे मावशीचं मत. नामदेव महाराजांनी पंजाबात बराच काळ घालवला. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ साली ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली इथेच भरलं.

विचित्र गोष्टींच्या यादीत हे गाव बसत नाही असं मी म्हणाले. मावशीने ग्रंथ साहिबातलंच पद काढलं. नामाला देवळातून हाकललं, तो मागे जाऊन गाऊ लागला, आणि देऊळ फिरलं. "तुझ्या कॉर्बुझिएला हात फिरवायला वारा लागला," ती म्हणाली.

महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर गुरुद्वाऱ्यातल्या सेवेकऱ्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. मावशीने एक अभंग म्हटला. त्यांना शब्द कळले नाहीत, 'नामा म्हणे' कळलं.

रविवार, अटारी

अमृतसरचं जे सगळे बघतात ते सकाळी पाहून घेतलं. दुपारी अटारी. सरहद्दीवर रोज संध्याकाळी झेंडे उतरवायचा सोहळा १९५९ पासून चालू आहे. दोन्ही देशांचे जवान टाच कपाळापर्यंत नेतात, मिशा फिरवतात, छाती काढतात, आणि सारखा सराव केल्याशिवाय जमणार नाही इतक्या जुळत्या वेळेत एकमेकांवर गुरगुरतात. रागाचं इतकं काटेकोर नृत्य जगात दुसरीकडे होत असेल असं वाटत नाही. एप्रिल २०२५ पासून मात्र फाटक उघडत नाहीत आणि हस्तांदोलनही होत नाही. लाथ बंद फाटकाच्या दिशेने जाते.

झेंड्यांच्या खांबांची शर्यत वेगळीच. मार्च २०१७ मध्ये भारताने ३६० फुटी खांब उभारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने ४०० फुटी. मधल्या काळात आपला झेंडा उंचावरच्या वाऱ्याने वरचेवर फाटत होता. त्या उंचीवर कापड टिकवणं हे लाथ उंच मारण्यापेक्षा अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला नवा खांब आला, ४१८ फूट, उद्घाटन नितीन गडकरींच्या हस्ते. शेवटी ध्वजही नागपूरकराच्याच वाट्याला आला, म्हणून गॅलरीत शेजारी बसलेल्या अमरावतीच्या कुटुंबाने टाळ्या वाजवल्या.

सोहळा सुरू झाला. मावशीने पर्समधून वही काढली. फाटकाच्या गजांमधून पलीकडचा उंच रेंजर दिसत होता, अलीकडे आपला. ती प्रत्येक लाथेला मान वर करी आणि काहीतरी टिपे. मी डोकावले. पलीकडच्याला दहापैकी आठ, कारण गुडघा वाकतो. आपल्याला नऊ. एक गुण कशाचा कापला विचारलं, तर म्हणाली, "उतरताना तोल गेला. सांगायला हवं कुणीतरी."

मागून बीएसएफच्या जवानाने माईकवरून सगळ्यांना घोषणा द्यायला सांगितलं.